मोटारींतील हीटरची कॉइल कशी बदलतात?

पावसाळ्यांत घाट उतरतांना मोटारीच्या कांचेवर आंतून धुकें धरतें, हा अनुभव पुष्कळांस असेल. साधें धुकें फडक्यानें पुसलें जातें. परंतु कांचेवर तेलकट थर पुनःपुन्हां बसत असेल, गाडींत गोडसर वास सुटत असेल आणि पायांखालची चटई ओली लागत असेल, तर दोष हवेचा नव्हे. डॅशबोर्डाच्या आड बसविलेली हीटरची कॉइल गळूं लागली, असें समजावें.

ही कॉइल म्हणजे एक लहानसा रेडिएटरच होय. इंजिन अति तापूं नये म्हणून पाणी व इथिलीन ग्लायकॉल यांचें मिश्रण, ज्यास कूलंट म्हणतात, तें पंपानें त्याच्यांतून सतत फिरवितात. तें सुमारें ९० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापतें व पुढच्या मोठ्या रेडिएटरमध्यें निवतें. त्यांतील कांहीं भाग दोन रबरी नळ्यांवाटे या कॉइलींत येतो. तिच्यावरून पंख्यानें हवा सोडली कीं गाडींत ऊब येते. आपल्याकडे उबेची गरज क्वचितच. तरी पुष्कळ गाड्यांत कूलंट तिच्यांतून बारमास वाहतें, म्हणून न वापरतांहि ती झिजते.

गळतीचें कारण बहुधा हयगय हेंच असतें. कूलंटांत गंज रोखणारीं द्रव्यें असतात. कालांतरानें त्यांचा प्रभाव सरतो व धातु खाल्ला जातो. वरून नळाचें क्षारयुक्त पाणी ओतल्यास आंत थरहि बसतात.

आतां बदलण्याची रीत पाहूं. इंजिन पूर्ण निवल्यावांचून रेडिएटरचें झांकण उघडूं नये. आंतील कढत पाणी दाबाखालीं असल्यानें उसळून अंगावर येतें. प्रथम बॅटरीची तार सोडवून, गाडीच्या पुस्तकांत सांगितला असेल तितका वेळ थांबावें. कारण डॅशबोर्डांत एअरबॅग असते. नंतर कूलंट काढून दोन्ही नळ्या सोडवितात. येथवर काम सोपें. पुढें मात्र कित्येक गाड्यांत सबंध डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि एवढ्याशा वस्तूसाठीं मेस्त्रीचा सबंध दिवसहि जातो. कोणता स्क्रू कोठला, हें जो लिहून ठेवितो त्याचेंच काम नीट जुळतें. एअर-कंडिशनरच्या नळ्या उघडाव्या लागल्यास त्यांतील वायु हवेंत न सोडतां यंत्रानें काढून घेतला पाहिजे. नवी कॉइल बसविण्यापूर्वीं सर्व मार्ग धुवावा. नाहींतर जुना गाळ तिच्यांत शिरून तीच गत होते. दाबाच्या पंपानें गळती तपासूनच डॅशबोर्ड बसवावा. शेवटीं नवें कूलंट भरून आंत अडकलेली हवा काढावी.

कांहींजण दोन्ही नळ्या एकमेकींस जोडून कॉइल वगळतात. वाटेंत अडलेल्या प्रवाशास हा उपाय तारतो. परंतु काश्मीरसारख्या थंड प्रदेशांत कांच उबेनेंच स्वच्छ राहते, तेथें तो कायमचा करणें धोक्याचें आहे.

एक गोष्ट मुलांनीं व पालकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी आहे. उघड्या भांड्यांत राहिलेलें कूलंट कुत्र्यानें किंवा अजाण बालकानें प्यालें, तर मूत्रपिंडें निकामी होऊन प्राणावर बेततें. तें बंद डब्यांतच ठेवावें. पिण्याच्या पाण्याच्या बाटलींत तर कधींच भरूं नये.

वेळच्या वेळीं कूलंट बदलणें हें थोडक्या खर्चाचें काम. तें टाळल्यास अर्धी गाडी उकलावी लागते. लहान कर्तव्याची हयगय मोठ्या श्रमांनीं फेडावी लागते, हें आमच्या विद्यार्थिमित्रांनीं या गळक्या कॉइलीपासून शिकावें.