हवामानाचा अंदाज कसा समजून घ्यावा?

हवामान खात्याने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, अशी थट्टा आपल्याकडे अनेक वर्षे चालत आली आहे. अंदाज कधी कधी चुकतो, हे खरे आहे. परंतु पुष्कळदा अंदाज चुकलेला नसतो. त्यातील शब्दांचा अर्थ आपल्यापर्यंत नीट पोहोचलेला नसतो. या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या, तरच अंदाजावर किती विसंबावे हे आपल्याला ठरवता येईल.

भारतीय हवामान विभागाची स्थापना 1875 साली झाली. त्याचे मुख्यालय दिल्लीत लोधी मार्गावरील मौसम भवनात आहे. या विभागाच्या अंदाजात ‘तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता’ अशा प्रकारचे वाक्य नेहमी असते. या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी सांगितलेल्या असतात : पाऊस किती ठिकाणी पडेल, किती पडेल आणि त्याविषयी खात्री किती आहे.

यांपैकी पहिली गोष्ट ठिकाणांची. एखाद्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी फार तर एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल, तर ‘तुरळक ठिकाणी’ असे म्हणतात. निम्म्यापर्यंत केंद्रे असतील तर ‘काही ठिकाणी’, तीन चतुर्थांशापर्यंत असतील तर ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्याहून अधिक असतील तर ‘बहुतांश ठिकाणी’. म्हणजे ‘तुरळक’ हा शब्द पावसाचे प्रमाण सांगत नाही, तो केवळ ठिकाणांची संख्या सांगतो. पाऊस थोड्याच ठिकाणी, पण फार जोराचा पडू शकतो. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत हेच घडले. सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच शहरातील कुलाब्याला मात्र तो 75 मिलिमीटरपेक्षाही कमी होता.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस एकत्र धरला जातो. तो 2.5 ते 15.5 मिलिमीटर असेल तर ‘हलका’, 64.4 पर्यंत ‘मध्यम’, 115.5 पर्यंत ‘मुसळधार’, 204.4 पर्यंत ‘अतिमुसळधार’ आणि त्याहून अधिक असेल तर ‘अत्यंत मुसळधार’ समजला जातो. 28 जून 2024 रोजी सकाळी संपलेल्या 24 तासांत दिल्लीतील सफदरजंग केंद्रावर 228.1 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेथील संपूर्ण जून महिन्याची सरासरी केवळ 74.1 मिलिमीटर आहे.

येथे एक मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. हे आकडे 24 तासांचे असतात. दिवसभर रिमझिम पडलेला 60 मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरतो आणि गटारांतून वाहून जातो. तोच पाऊस तासाभरात कोसळला तर रस्त्यांचे ओढे होतात. कागदावर मात्र दोन्ही वेळा तो ‘मध्यम’च असतो. दिल्लीच्या मिंटो पुलाखालचा सखल रस्ता अशा वेळी पाण्याने भरतो. 19 जुलै 2020 रोजी तेथे साचलेल्या पाण्यात एका छोट्या मालवाहू गाडीच्या चालकाचा मृत्यू झाला.

सामान्य नागरिकाला आकडे लक्षात ठेवणे कठीण जाते. म्हणून इशाऱ्यांसाठी चार रंग ठरवलेले आहेत. हिरवा रंग म्हणजे कोणताही इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे बचावाची कृती करा. रंग ठरवताना पाऊस किंवा उष्णता किती, एवढेच पाहत नाहीत. त्यापासून होणारे संभाव्य नुकसान आणि ते घडण्याची शक्यताही विचारात घेतात.

तिसरी गोष्ट खात्रीची. येथे अंदाज खरोखर चुकू शकतो. 2021 साली मोसमी पाऊस 15 जूनच्या सुमारास दिल्लीत पोहोचेल, असे विभागाने सांगितले होते. तेथे त्याची नेहमीची तारीख 27 जून आहे. प्रत्यक्षात तो 13 जुलैला आला. बंगालच्या उपसागराकडून येणारे दमट पूर्वेचे वारे आणि कोरडे पश्चिमेचे वारे यांपैकी कोणाचा जोर टिकतो, यावर दिल्लीचा पाऊस पुष्कळसा अवलंबून असतो. त्या वर्षी पश्चिमेच्या वाऱ्यांनी अपेक्षेपेक्षा अधिक काळ ठाण मांडले. गणकयंत्रांवर केलेली आकडेमोड चुकली, हे विभागाने जाहीरपणे मान्य केले.

मोजमापातही दोष राहू शकतो. 29 मे 2024 रोजी दिल्लीतील मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने 52.9 अंश सेल्सिअस तापमान दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. त्याच दिवशी सफदरजंगला 46.8 अंशांची नोंद होती. तपासणीनंतर मुंगेशपूरचे उपकरण सुमारे तीन अंश अधिक दाखवत असल्याचे आढळले. एकाच केंद्राचा असाधारण आकडा शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहावा, हा त्यातला धडा आहे. मात्र तीन अंश वजा केले तरी तो दिवस उन्हात राबणाऱ्या मजुरांसाठी धोक्याचाच होता, हेही विसरता कामा नये.

अंदाज जितका दूरच्या दिवसाचा, तितकी त्याची खात्री कमी. उद्याच्या अंदाजावर अधिक विसंबता येते. पाचव्या दिवसाच्या अंदाजाकडे केवळ दिशादर्शक म्हणून पाहावे. वादळी ढग नेमका कोणत्या वस्तीवर फुटेल, हे दोन दिवस आधी सांगता येत नाही. ते रडारवर ढग दिसू लागल्यावरच कळते. म्हणून पुढील तीन तासांपुरता तात्कालिक अंदाजही दिला जातो. कामावर निघण्यापूर्वी तो पाहणे हिताचे असते.

बांधकामावरील मजूर, फेरीवाले, रिक्षाचालक आणि शेतकरी यांचा रोजगार आणि कधी कधी जीवही या चार ओळींवर अवलंबून असतो. त्यामुळे अंदाज देणाऱ्यांनी कोठे, केव्हा, किती आणि काय करावे हे लोकांना कळेल अशा भाषेत सांगितले पाहिजे. ऐकणाऱ्यांनीही अंदाजाला भविष्यवाणी समजू नये. पिवळा इशारा देऊनही पाऊस आला नाही, तर फार तर छत्रीचे ओझे होते. लाल इशारा खोटा मानून पाण्यात उतरल्यास ती चूक दुरुस्त करण्याची संधी मिळेलच असे नाही.