संदेश येत नाही? आधी पेटी पाहा!

पावसाळा आला, शाळा-कॉलेजे उघडली, की आमच्या बुलढाणा जिल्ह्यात अर्ज भरण्याची धांदल सुरू होते. अशाच एका दिवशी मेहकर तालुक्यातील एक मावशी मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आमच्याकडे आल्या. मोबाईल क्रमांक टाकला. ओटीपी येईना. तीनदा मागवला, तरी नाही.

"भाऊ, मेसेज काही येत नाही बाप्पा! अर्जाची आज शेवटची तारीख हाय."

आम्ही त्यांचा साधा बटणांचा फोन पाहिला. कोपऱ्यात लिफाफ्याचे चित्र लुकलुकत होते. संदेशपेटी काठोकाठ भरली होती! जाहिरातींचे जुने संदेश पुसले आणि अडकलेले ओटीपी पाठोपाठ आले. पण त्यांची मुदत संपली होती. नवा मागवला, तेव्हा अर्ज गेला.

वाचकहो, हे कसे घडते ते समजून घेऊ. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पहिला मोबाईल संदेश गेला. तेव्हापासून पद्धत तीच आहे. संदेश थेट आपल्या फोनवर येत नाही. तो आधी पाठवणाऱ्याच्या कंपनीच्या संदेश केंद्रात जमा होतो. केंद्र तो आपल्या फोनकडे धाडते. फोनमध्ये जागा नसेल तर फोन "जागा नाही" असे उत्तर देतो. मग आपली कंपनी ग्राहकांच्या नोंदवहीत तशी खूण करते आणि संदेश केंद्रातच थांबतो. आपण जागा मोकळी केली की फोन आपणहून "जागा झाली" असे कळवतो, आणि केंद्र संदेश पुन्हा धाडते. कचेरीतील आवक-जावकच म्हणा ना!

मात्र केंद्र कायम वाट पाहत नाही. नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ६३ आठवड्यांची मुदत देता येते, पण प्रत्यक्षात ती बरीच कमी असते. मुदत सरली की संदेश रद्द. ओटीपी तर काही मिनिटांतच निकामी होतो.

आणखी एक गोष्ट. एका संदेशात इंग्रजीची १६० अक्षरे बसतात, देवनागरीची फक्त ७०, त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. लांब मराठी संदेशाचे तुकडे होतात आणि साध्या फोनमध्ये प्रत्येक तुकडा वेगळी जागा अडवतो. म्हणून आपल्या भाषेत पेटी लवकर भरते. स्मार्टफोनही सुटत नाही. फोटो-व्हिडिओंनी साठवण भरली, तर त्यातही संदेश अडकू शकतो.

तेव्हा माता-भगिनींनो, दर रविवारी घर झाडता तशी ही पेटीही झाडा. बँकेचे आणि अर्जाचे संदेश वहीत उतरवून घ्या, बाकीचे पुसा. ओटीपी आला नाही तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. आधी जागा करा, मग नवा मागवा. आणि शेजारच्या आजीचा फोनही एकदा पाहून द्या. तिचाही एखादा निरोप केंद्रात खोळंबला असेल.