शेवटचं बोटभर अंतर

नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांमागच्या बोळात, एका वायरिंगवाल्या मामांपुढे मोठी गाडी उभी होती. बटण दाबलं की डिकीचा दरवाजा डौलात खाली यायचा, लॉकवर टेकायचा आणि क्षणभर थांबून पुन्हा वर जायचा. मालकाने दुसरीकडे नवं लॉक बसवून घेतलं होतं. फरक शून्य.

"लॉकचा काय गुन्हा?" मामा म्हणाले. "दरवाजा खाली आणणारी मोटर वेगळी, शेवटचं बोटभर अंतर आवळणारी वेगळी. ती लॉकच्या पोटात असते. आवळल्याची खूण मॉड्यूलला वेळेत मिळाली नाही, की ते दरवाजा परत उघडतं."

दरवाजाला लाकडी टेकू देऊन त्यांनी आतलं प्लास्टिक उतरवलं. लॉकच्या कपलरला लाल रंगाची जादा खिट्टी होती. आधी ती सरकवायची, मग जीभ दाबायची. वायर धरून ओढायचं नाही. छताजवळचा दुसरा कपलरही सोडवून त्यांनी मोटरच्या वायरींना तिथून बॅटरीचा करंट थेट दिला आणि इकडे लॉकपाशी मीटर लावलं. मीटरची पिन मागून, सीलच्या कडेने घातली. पुढून खुपसली तर आतल्या पिनेचं तोंड फाकतं आणि नवाच लूज कॉन्टॅक्ट तयार होतो.

मीटरवर 12.4 व्होल्ट. मालकाचा चेहरा पडला, "म्हणजे वायर चांगलीय?"

मामांनी काही न बोलता इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब जोडला. तो जेमतेम लालसर झाला. मीटरला करंट लागतो नावापुरता, एका तुटक्या धाग्यावरूनही ते पूर्ण व्होल्ट दाखवतं. बल्बला खरा करंट ओढावा लागतो, तिथे वायरची लबाडी उघडी पडते.

मग छप्पर आणि दरवाजा यांच्यामधला रबरी बूट मागे सारला. दरवाजा उघडताना-मिटताना सगळ्या वायरी इथेच वाकतात. मामा एकेक वायर चिमटीत धरून हलकेच ताणत गेले. तिसरी रबरासारखी लांबली. वरचं कातडं धड, आत तांबं तुटून काळं पडलेलं.

बॅटरी सोडवून त्यांनी बारीक धाग्यांची, सिलिकॉनच्या आवरणाची मऊ वायर बुटातून पार नेली. दोन्ही सांधे बुटाबाहेर, क्रिंप करून, वर स्लीव तापवून बसवली. डाग दिला नाही, कारण शिसं धाग्यांत चढतं, वायर ताठ होते आणि जिथे ताठपणा संपतो तिथेच पुन्हा तुटते.

बॅटरी जोडून एकदा दरवाजा हाताने बंद केला, मॉड्यूलला आपली जागा कळावी म्हणून. मग बटणावर दहा वेळा उघडझाप. दर वेळी शेवटी लॉकची ती घर्रकन आवळणारी कुरकुर.

अकराव्या वेळी मामांनी बटण मालकाला दाबायला दिलं.