लॅन्सडाउन स्ट्रीटने आखलेलं मैदान

बॉस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉल मैदानाचा नकाशा पाहिल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, हा गुंठेवारीतला प्लॉट दिसतोय. डावा कोपरा चेपलेला, उजवा त्याहून आखूड, आणि मधे एक त्रिकोणी खाच लांब आत घुसलेली. होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथून, कुंपणापर्यंतचं अंतर डाव्या रेषेवर 310 फूट, उजव्या रेषेवर 302 आणि त्या खाचेत थेट 420. नगररचना विभागात नोकरी झाली की माणूस देवळात गेला तरी आधी हद्द पाहतो, तसं माझं झालंय.

मुलगी हार्टफर्डला असते. तिथून बॉस्टन गाडीने दोन तासांवर. शनिवारी मैदान दाखवणारी टूर आणि रविवारी दुपारी सामना, असा बेत नातीने ठरवला होता. ती शाळेच्या संघातून सॉफ्टबॉल खेळते आणि आजोबांना बेसबॉल कळत नाही, याचं तिला मनापासून वाईट वाटतं. गाडी आम्ही शहराबाहेर रिव्हरसाइड स्थानकावर लावली आणि ग्रीन लाइनच्या ट्रामने केनमोरला उतरलो. जाणाऱ्या प्रत्येकाने हेच करावं. मैदान ऐन वस्तीत आहे आणि सामन्याच्या दिवशी आसपासचे पार्किंगवाले काय मागतील याला धरबंद नसतो.

खेळाचं मर्म नातीने ट्राममध्येच सांगितलं. होम प्लेटपासून दोन रेषा काटकोनात निघतात. त्यांच्या आत मारलेला चेंडू चालतो, बाहेर गेला तर फाउल. टप्पा न पडता कुंपणापलीकडे गेला की होम रन. एका बेसपासून पुढच्या बेसचं अंतर 90 फूट आणि चेंडू टाकणाऱ्या पिचरपासून होम प्लेटचं 60 फूट 6 इंच, यात इंचाचाही फरक चालत नाही. कुंपण मात्र जागा असेल तिथे. 1958 नंतर बांधल्या जाणाऱ्या मैदानांसाठी किमान अंतराचा नियम झाला, पण जुन्या मैदानांना तो लागू नाही. ‘नियमापूर्वीचं बांधकाम’ हा शेरा मी जन्मभर लिहिला. अमेरिकेत येऊन तो असा भेटेल असं वाटलं नव्हतं.

फेनवे हे मेजर लीगमधलं, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च साखळीतलं, सर्वांत जुनं मैदान. बॉस्टन रेड सॉक्सचा इथला पहिला अधिकृत सामना 20 एप्रिल 1912 रोजी झाला. आज यांकीज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या न्यूयॉर्कच्या संघाला त्यांनी अकरा इनिंग्जमध्ये 7-6 असं हरवलं. पण पाचच दिवसांपूर्वी टायटॅनिक बुडालं होतं, त्यामुळे वर्तमानपत्रांत या उद्घाटनाला पुरेशी जागा मिळाली नाही.

डाव्या बाजूला लॅन्सडाउन स्ट्रीट होता आणि त्याच्यापलीकडे रेल्वे. मैदान तिकडे सरकवणं शक्य नव्हतं. मग उंच भिंत घातली, म्हणजे रस्त्यावरून कुणी फुकट सामना पाहायला नको. पहिली भिंत लाकडी होती. आजची 1934 च्या मोठ्या दुरुस्तीतली, उंची 37 फूट 2 इंच. सुरुवातीला तिच्यावर साबण, ब्लेड वगैरेंच्या जाहिराती असत. 1947 मध्ये त्या पुसून सगळी हिरवी रंगवली, आणि लोक तिला ‘ग्रीन मॉन्स्टर’ म्हणू लागले.

ही भिंत खेळात ढवळाढवळ करते, आणि गंमत तिथेच आहे. दुसऱ्या मैदानावर सहज झेलला गेला असता असा उंच फटका इथे भिंतीवरून पार होतो. उलट, दुसरीकडे नक्की होम रन ठरला असता असा सरळसोट, तडाखेबंद फटका इथे भिंतीवर आपटून खाली येतो आणि बॅटर दुसऱ्या बेसवर अडकतो. डावीकडच्या क्षेत्ररक्षकाला तो कसा उसळेल याचा अंदाज बांधता यायला हवा. रेड सॉक्सच्या कार्ल यास्त्रेम्स्कीने वर्षानुवर्षं या भिंतीसमोर उभं राहून त्यात अशी हुकमत मिळवली की जुने प्रेक्षक अजून त्याचे दाखले देतात. भिंतीवर एक शिडीसुद्धा आहे. पूर्वी वर जाळी होती, तिच्यात अडकलेले चेंडू काढायला माणूस त्या शिडीने चढायचा. 2003 मध्ये जाळी गेली, तिथे खुर्च्या आल्या, शिडी मात्र राहिली. चेंडू तिला लागला तर कुठेही उडतो आणि खेळ चालूच राहतो.

भिंतीच्या पायथ्याशी हाताने चालवायचा धावफलक आहे. आत माणसं बसतात आणि आकड्यांच्या पाट्या लावतात. त्या फलकावरच्या उभ्या पांढऱ्या पट्ट्यांत काही ठिपके आणि रेघा दिसतात. तो मोर्स कोड आहे. टॉम यॉकी आणि त्यांच्या पत्नी जीन यांची आद्याक्षरं. टॉम यॉकी 1933 पासून 1976 मध्ये मृत्यू होईपर्यंत संघाचे मालक होते, आणि इथे जरा थांबायला हवं. एप्रिल 1945 मध्ये जॅकी रॉबिन्सनसह तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची याच मैदानावर चाचणी घेतली. कुणालाही पुन्हा बोलावणं आलं नाही. दोन वर्षांनी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघाकडून खेळला आणि आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून त्याने इतिहास घडवला. रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्पसी ग्रीन, मैदानात उतरवला तो 1959 साली, लीगमधल्या सगळ्या संघांच्या शेवटी. बाहेरच्या रस्त्याला यॉकी यांचं नाव होतं. संघाच्या आताच्या मालकांनीच अर्ज केल्यावर 2018 मध्ये ते काढून पूर्वीचं ‘जर्सी स्ट्रीट’ हे नाव परत दिलं. रस्त्याची पाटी बदलली. फलकावरची अक्षरं ज्यांना मोर्स येतो त्यांना वाचता येतात. नातीला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, मग तीही पुसत का नाहीत? मला तिचं बरोबर वाटलं.

उजवीकडच्या उघड्या गॅलरीत हिरव्या खुर्च्यांच्या समुद्रात एकच खुर्ची लाल आहे. 9 जून 1946 रोजी रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सचा चेंडू तिथवर गेला, 502 फूट, आणि एका प्रेक्षकाच्या गवती टोपीवर आदळला. या मैदानावर याहून लांब होम रनची नोंद नाही. खाली उभं राहून त्या लाल ठिपक्याकडे पाहिलं की आकडा खोटा वाटतो. विल्यम्स साधा माणूस नव्हता, हेही खरं: 1941 मध्ये त्याची सरासरी .406 होती, म्हणजे दर दहा वेळांत चारांहून अधिक यशस्वी फटके. त्यानंतर मेजर लीगच्या अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये पूर्ण हंगामात .400 गाठणं आजवर कुणाला जमलेलं नाही.

रविवारी आमच्या खुर्च्या छपराखाली होत्या. लाकडी, अरुंद, आणि समोर लोखंडी खांब. तिकिटावर तसं लिहून विकतात, त्यामुळे तक्रारीला वाव नाही. पिचर दिसायचा, कॅचर खांबामागे. मला खांबाचं काही वाटलं नाही, त्याच्यावर छप्पर आहे. सौभाग्यवतींना मात्र गुडघे कुठे ठेवायचे हे शेवटपर्यंत उमगलं नाही. 1912 सालची माणसं बारीक होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. खायला फेनवे फ्रँक म्हणजे सॉसेज. आम्ही शाकाहारी, म्हणून भाजक्या शेंगा. टरफलं पायाशी टाकायची मुभा आहे, हे त्यांना सगळ्यांत आवडलं.

खेळ सावकाश चालतो, असं ऐकलं होतं. 2023 पासून पिचरसाठी घड्याळ लावलंय, त्यामुळे तेवढा कंटाळा येत नाही. पाचव्या इनिंगमध्ये पाहुण्या संघाच्या क्षेत्ररक्षकाने भिंतीकडे पाठ करून चेंडूची वाट पाहिली. चेंडू भिंतीच्या खालच्या भागाला लागून सुसाट त्याच्या पायांशेजारून निघून गेला. शेजारच्या म्हाताऱ्याने हसत माझ्या खांद्यावर थाप मारली. आठव्या इनिंगच्या मधे नील डायमंडचं ‘स्वीट कॅरोलाइन’ लागतं आणि अख्खं मैदान उभं राहून गातं. नात गात होती, तिची आई गात होती, मी टाळ्यांवर भागवलं.

1999 मध्ये हे मैदान पाडून शेजारी नवं बांधायची योजना जाहीर झाली होती. लोकांनी विरोध केला, 2002 मध्ये मालक बदलले, आणि त्यांनी पाडण्याऐवजी दुरुस्तीचा मार्ग धरला. पुढे फ्लोरिडात फोर्ट मायर्सला संघाच्या सरावासाठी मैदान बांधलं गेलं, ते 2012 मध्ये सुरू झालं. तिथे सपाट, मोकळी जागा होती. तरीही फेनवेचीच मापं घेतली आणि डावीकडे तशीच हिरवी भिंत उभारली, कारण त्या भिंतीवरून उसळणारा चेंडू खेळाडूंना शिकायला हवा. फेब्रुवारीत तिथे सराव सुरू होतो. पुढच्या वर्षी तो पाहायला जाऊ या, असं नातीने परतीच्या वाटेवर काढलं. सौभाग्यवतींनी विचारलं, तिथे फेब्रुवारीत ऊन असतं का, आणि खुर्च्या रुंद आहेत का. दोन्हींचं उत्तर हो आलं म्हणताच त्या तयार झाल्या.