नकाशातला उतार

आमच्या इमारतीच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत, सहा-सहा इंचांच्या. वीस वर्षं मी त्या चढतो-उतरतो आहे; पण त्या मोजाव्यात असं कधी वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी शेजारच्या अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला, घरात चाकांची खुर्ची आली आणि त्या तीन पायऱ्यांचा एकदम घाट झाला. दवाखान्यात जायचं म्हटलं की वॉचमन, इस्त्रीवाला, अप्पांचा मुलगा आणि मी अशी चौघांची जुळवाजुळव. अप्पा एकदा म्हणाले, "अरे, चौघांनी उचलायची एवढी घाई कसली? ती वेळ यायची आहे अजून!" आम्ही हसलो. काकू मात्र पदर डोळ्यांना लावून आत गेल्या.

सोसायटीचा सेक्रेटरी या नात्यानं मी रॅम्पसाठी अर्ज केला. आयुष्य बँकेत गेलेलं. ठराव, झेरॉक्स, तीन प्रती यांना मी घाबरत नाही. हिशेबही सोपा होता. नियमाप्रमाणे एक फूट उंचीला बारा फूट लांबी, म्हणजे आपल्या दीड फुटाला अठरा फूट. आर्किटेक्टकडून नकाशा काढून घेतला आणि कार्यालय गाठलं.

खिडकीपलीकडच्या तरुण अभियंत्यानं जुनी फाइल काढून बराच वेळ चाळली. मग म्हणाला, "काका, तुमच्या इमारतीला रॅम्प आहे."

"कुठं?"

"हा काय!" त्यानं नकाशावर बोट ठेवलं. खरंच की! दोन समांतर रेषा, मध्ये बाण, शेजारी सुबक अक्षरांत 'रॅम्प'. त्या जागी आमची पंपाची खोली आहे, इमारत झाली तेव्हापासून. पण तपासणीच्या तक्त्यात रॅम्पपुढे बरोबरची खूण होती, खाली सही होती आणि त्याच खुणेच्या आधारानं भोगवटा प्रमाणपत्र मिळालं होतं. असलेला रॅम्प पुन्हा बांधायला परवानगी कशी द्यायची? आता बोला!

"अहो साहेब, जागेवर येऊन बघा ना."

"येईन हो. पण रॅम्प बांधलाच नाही असं तुम्ही लेखी दिलंत, तर मूळ प्रमाणपत्राचाच प्रश्न निघेल. उद्या कुणाला फ्लॅट विकायचा झाला तर? विचार करा." हे त्यानं धमकीनं नाही, आपुलकीनं सांगितलं. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

नियमांना शिव्या देणं सोपं आहे. मी देणार नाही. अपंग व्यक्तींसाठी संसदेनं १९९५ साली कायदा केला, २०१६ साली त्याच्या जागी अधिक व्यापक कायदा आला. त्यामागं कुणाचा तरी कळवळा आहे. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडला पाचमजली इमारत कोसळली आणि १६ माणसं गेली; ती इमारत काही जुनीपुराणी नव्हती. नियम नकोत असं म्हणायची कुणाची छाती आहे? त्याच वर्षी डिसेंबरात राज्याच्या बहुतेक भागासाठी एकच बांधकाम नियमावली आली, तेही बरंच झालं. दुखणं वेगळं आहे. नियम विचारतो, 'अप्पांना बाहेर पडता येईल का?' तक्त्यापर्यंत येता येता त्याचं 'रॅम्प : होय / नाही' होतं. आणि 'होय'वर खूण झाली की वर पाहायची गरज कुणालाच उरत नाही.

हे मला कसं कळतं? कारण अशा खुणा मीही केल्या आहेत. गृहकर्जाच्या तपासणीला एकदा एका चारमजली इमारतीत गेलो होतो. लिफ्टच्या पोकळीपुढे फळ्या ठोकलेल्या. मंजूर नकाशात लिफ्ट होती, बिल्डर म्हणाला पुढच्या महिन्यात बसते, आणि मार्चअखेर तोंडावर आलेली. मी 'लिफ्ट : होय' केलं. कर्जदार शाळामास्तर होते, घर चौथ्या मजल्यावर. दोन वर्षांनी हप्ता भरायला आले तेव्हा सहज बोलून गेले, "साहेब, आई घरात आली ती अजून खाली उतरलेली नाही." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती खूण माझी होती, हे त्यांना ठाऊकही नव्हतं. मी पासबुकात नोंद करून दिली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

गेल्या महिन्यात आम्ही विशेष सभा घेतली. निम्मे सभासद म्हणाले, "कशाला झोपलेला नाग जागा करायचा? चार माणसं आहेतच की उचलायला." त्यांची भीती खोटी नव्हती, आयुष्याची कमाई त्या भिंतींत आहे. मी त्यांना शाळामास्तरांच्या आईची गोष्ट सांगितली. पूर्वी ती कुणालाच सांगितली नव्हती. ठराव तीन मतांनी मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन गेलो. एकच ओळ महत्त्वाची : 'नकाशात दाखवलेला रॅम्प इमारतीत प्रत्यक्षात नाही.' आवक-जावकच्या बाई संगणकावरची यादी वरखाली करत राहिल्या. "काका, यात असा विषयच नाही हो."

"मग काय लिहिता?"

"'इतर' लिहिते."

पोच घेऊन घरी आलो. अप्पांना गुरुवारी दवाखान्यात न्यायचं आहे. इस्त्रीवाल्याला सांगून ठेवलं आहे.