कंपनीची नामसूची

मोठ्या कंपनीत नव्याने रुजू झालेल्या इसमास एक नाव व एक पासवर्ड मिळताच टपाल, छपाईयंत्र आणि त्याच्या हुद्द्यास अनुरूप अशी सर्व दप्तरे खुली होतात, याचे आज कोणास नवल वाटत नाही. परंतु १९९० च्या सुमारास, नॉव्हेलची नेटवेअर प्रणाली ज्या कचेऱ्यांतून रूढ होती तेथे, प्रत्येक सर्व्हर आपली वही स्वतंत्र बाळगीत असे, आणि पाच सर्व्हरांशी काम पडणाऱ्या मनुष्याची नोंद पाच ठिकाणी करावी लागे.

एकत्रित नामसूचीची कल्पना तोपर्यंत कागदावर सिद्ध झालेली होती. जगभरच्या टेलिफोन व संगणकीय टपालाच्या वर्गणीदारांना सामावील अशा सूचीसाठी १९८८ मध्ये ‘एक्स.५००’ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. महसुली दप्तरात जिल्हा, तालुका, गाव या क्रमाने खातेदारापर्यंत पोचावे, तसे तीत देश, संस्था, खाते या क्रमाने व्यक्तीपर्यंत पोचता येई, आणि हा संपूर्ण मार्ग हेच त्या व्यक्तीचे अद्वितीय नाव ठरे. रचना डौलदार खरी. पण तिच्याशी संभाषण करण्याची रीत इतकी अवजड, की मेजावरील तत्कालीन संगणकास ती पेलवेना. मिशिगन विद्यापीठातील टिम हाउझ यांनी अन्य दोघांच्या सहकार्याने तिचा भार उतरवून ‘एलडॅप’ रचला. १९९३ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि समितीच्या भव्य आराखड्यापेक्षा हा सुटसुटीत वंशजच, माझ्या मते योग्य कारणाने, जगात रुजला.

२००० मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’ने विचारपूस एलडॅपकडे व ओळखीची शहानिशा एमआयटीत जन्मलेल्या ‘कर्बेरोस’कडे सोपवली. नामसूची वाचली जाते फार, बदलते क्वचित; म्हणून तिच्या प्रती शाखोशाखी ठेवतात, आणि त्या काही काळ परस्परांशी विसंगत राहिल्या तरी चालवून घेतात. बँकेच्या खतावणीस अशी सवलत कोण देईल?

या सवलतीची किंमत नोकर काढून टाकल्यावर कळते. दोन ठिकाणच्या प्रतींमधील देवघेव, व्यवस्थापकाने बदलली नाही तर, दर १८० मिनिटांनी होते. आणि कर्बेरोसचा एकदा दिलेला परवाना साधारणतः १० तास ग्राह्य राहतो. मुख्य कचेरीत सकाळी बंद केलेले खाते दूरच्या शाखेत दुपारपर्यंत चालू असू शकते.