मागेल त्याच्या पदरी

मूल दीड वर्षाचे झाले म्हणजे अमेरिकेतील अनेक बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत आईच्या हाती वीस प्रश्नांचा एक कागद दिला जातो. खोलीच्या पलीकडच्या वस्तूकडे तुम्ही बोट दाखविले तर मूल तिकडे पाहते का, नावाने हाक मारली तर वळते का, रिकाम्या पेल्यातून पाणी पिण्याचे सोंग करते का, असे ते साधे घरगुती प्रश्न असतात. आणि स्वमग्नतेची, म्हणजे आपण आता सर्रास ज्याला ऑटिझम म्हणतो त्या अवस्थेची, पहिली शंका पुष्कळदा या कागदावरच उमटते. दीड आणि दोन वर्षांच्या वयात प्रत्येक मुलाची अशी चाळणी व्हावी, ही तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची शिफारस २००७ सालापासूनची आहे. परंतु ज्या कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांची वस्ती इतकी दाट, तेथील डॉक्टरांकडे चौकशी करून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, सर्वसाधारण विकासाची आणि स्वमग्नतेची अशा दोन्ही चाचण्या स्पॅनिशमध्ये देणारा डॉक्टर दहांत एखादाच होता. ज्या आईला प्रश्नच तिच्या भाषेत विचारला गेला नाही, तिच्या मनातल्या शंकेची नोंद होणार तरी कशी?

या अन्यायाचे मूळ रोगाच्या पहिल्या वर्णनाइतकेच जुने आहे. १९४३ साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची लक्षणे नोंदवून या अवस्थेचे वर्णन केले, तेव्हा त्या मुलांचे आईबाप बहुतेक उच्चविद्याविभूषित होते; आणि तशीच माणसे त्या काळी कॅनर यांच्या दारापर्यंत पोहोचू शकत होती, हे लक्षात न घेता स्वमग्नता हा सुशिक्षित गोऱ्या घरांतला विकार आहे, असा समज वैद्यकात रूढ झाला. पुढे ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथाने, आईच्या भावनाशून्य वागण्यामुळे मूल असे होते, या क्रूर आरोपाला प्रतिष्ठा दिली. गोऱ्या आईने तो आरोप सोसला. कृष्णवर्णीय आईला मात्र पुष्कळदा, तुमच्या मुलाला हा विकार असणेच शक्य नाही, असे सांगून परत पाठविण्यात आले. कोणत्या आईचे दुःख मोठे, हे ठरविण्याचा अधिकार मला नाही. पण निदानच नाकारले गेले म्हणजे उपचाराचे दारही बंद होते, एवढे खरे.

तो समज शास्त्राच्या पुस्तकांतून गेला, तरी व्यवहारातून गेला नाही. फिलाडेल्फियातील सरकारी आरोग्य-साहाय्य मिळणाऱ्या मुलांविषयी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोऱ्या मुलांचे निदान सरासरी ६.३ व्या वर्षी, तर कृष्णवर्णीय मुलांचे ७.९ व्या वर्षी झालेले दिसले. येथे गरिबी दोहोंकडे होती, फरक होता तो वर्णाचा, हे विसरता कामा नये. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ५८४ कृष्णवर्णीय मुलांची हकीकत तपासली, तेव्हा आईबापांना पहिली काळजी वाटल्यापासून निदान हाती पडेपर्यंत सरासरी बेचाळीस महिने गेलेले आढळले. साडेतीन वर्षे! मेंदूची घडण सर्वांत लवचिक असते त्या वयातली ती वर्षे. मधल्या काळात तेच मूल हट्टी, उद्धट, शिस्त न पाळणारे म्हणून ओळखले जाते. गोऱ्या मुलाच्या ज्या किंकाळीत डॉक्टरला व्याधी दिसते, त्याच किंकाळीत काळ्या मुलाच्या बाबतीत वर्तनदोष दिसतो, आणि शाळेत त्याच्या वाट्याला उपचाराऐवजी शिक्षा येते.

अलीकडे निदानाची दरी बुजू लागली आहे. २०२० सालच्या पाहणीवरून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आठ वर्षांच्या दर छत्तीस मुलांमागे एक हे प्रमाण काढले, तेव्हा कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि आशियाई मुलांतील प्रमाण प्रथमच गोऱ्यांपेक्षा अधिक निघाले. ही मुले पूर्वीही होती. मोजली जात नव्हती. पण नोंद होणे आणि सेवा मिळणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते कॅलिफोर्नियात जितके स्पष्ट दिसले तितके क्वचितच दुसरीकडे दिसले असेल.

त्या राज्यात १९६९ चा लँटरमन कायदा आहे. विकासात्मक अपंगत्व असलेल्या व्यक्तीला साहाय्य मिळणे हा तिचा हक्क, असे तो कायदा म्हणतो. आणि ही तजवीज करण्यासाठी राज्यभर एकवीस ‘रीजनल सेंटर’ नेमलेली आहेत. सनद इतकी उदार असताना लॉस एंजेलिस टाइम्सने २०११ साली सरकारी हिशेब तपासून जो तक्ता छापला, तो वाचून मन खिन्न होते. तीन ते सहा वर्षांच्या स्वमग्न मुलांवर आदल्या वर्षी सरासरी खर्च झाला तो असा: गोऱ्या मुलामागे ११,७२३ डॉलर, आशियाई मुलामागे ११,०६३, लॅटिनो मुलामागे ७,६३४ आणि कृष्णवर्णीय मुलामागे ६,५९३. कायदा एक, व्याधी एक, तिजोरीही एकच.

मग हे घडते कसे? काळ्या मुलाला कमी द्यावे असा हुकूम कोणी काढलेला नाही. सेवा ठरते ती बैठकीत. टेबलाच्या एका बाजूस कचेरीतील अधिकारी, मानसतज्ज्ञ, वाचोपचार करणाऱ्या बाई असे अनेकजण, आणि दुसऱ्या बाजूस एकटी आई. समोर पंधरावीस पानांचा अहवाल, तोही इंग्रजीत. दुभाषी आला तर आला, आणि आला तरी ‘वर्तनोपचार’ किंवा ‘अपील’ या शब्दांमागचा अर्थ तो सांगेलच असे नाही. आठवड्याला दहा तास मंजूर आहेत, येथे सही करा, असे सांगितले की ती सही करते; पंचवीस तास मागता येतात, नामंजूर झाल्यास सुनावणी मागता येते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. शहराच्या दुसऱ्या टोकाची आई वकील घेऊन येते, खासगी तज्ज्ञाचा दाखला जोडते आणि पंचवीस तास घेऊन जाते. शिवाय घरी उपचार चालू असताना पुष्कळदा घरातले वडीलधारे माणूस हजर लागते. जी बाई दुपारी हॉटेलात खोल्या झाडते आणि रात्री दुसरीकडे भांडी घासते, तिने ते कोठून आणावे? काही वस्त्यांत उपचारक जायलाच राजी नसतात, स्पॅनिश जाणणारे थोडे, आणि प्रतीक्षायादी लांब. ज्या घरातील कोणाचे स्थलांतराचे कागद अपुरे आहेत, त्या घराला तर सरकारी अर्जावर पत्ता लिहितानाही धास्ती वाटते.

मूल रडल्याखेरीज आई पाजत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. राज्यव्यवस्थेने हीच रीत धरली म्हणजे ज्याला रडण्यासाठी सवड, भाषा आणि निर्भयपणा आहे त्याचेच पोट भरते. माझ्या मते या साऱ्या विषमतेचे मर्म येथे आहे: जो हक्क मागितल्यावरच मिळतो, तो मागण्याच्या ताकदीनुसार वाटला जातो.

तक्त्यातील आशियाई मुलांचा आकडा गोऱ्यांच्या जवळ आहे, म्हणून अमेरिकेतील आपल्या मराठी घरांनी निश्चिंत व्हावे असे नाही. सरासरीच्या पोटात पुष्कळ काही दडते. ‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही चौथ्या वर्षी बोलायला लागला’ हे आजीचे आश्वासन न्यू जर्सीतही फोनवरून तितक्याच मायेने पोहोचते, आणि वर्ष निघून जाते. निदान झाल्यावर पुन्हा, घरात एकच भाषा ठेवा, मराठी बंद करा, असा सल्ला कित्येक कुटुंबांना मिळतो. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे बोलणे मागे पडते याला संशोधनाचा आधार मिळालेला नाही. आणि त्या सल्ल्याने आजी मात्र नातवाशी बोलायची थांबते.

वृत्तपत्रातील त्या तक्त्यानंतर २०१२ साली कॅलिफोर्नियाने कायदा करून प्रत्येक सेंटरला वंश व भाषेनुसार खर्चाचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करणे सक्तीचे केले, आणि २०१६ पासून ही दरी कमी करण्यासाठी दरसाल एक कोटी दहा लाख डॉलरची तरतूद झाली. मला स्वतःला अधिक आशा वाटते ती आईबापांच्या कामाविषयी. लॉस एंजेलिसमधील लॅटिनो कुटुंबांनी १९७८ सालीच ‘फिएस्ता एदुकातिवा’ ही संस्था उभी केली होती. पुढे संशोधिका सँड्रा मगान्या यांनी आखलेल्या एका उपक्रमात स्वतः अपंग मुलाची आई असलेली, वस्तीतलीच बाई, जिला तेथे ‘प्रोमोतोरा’ म्हणतात, ती दुसऱ्या आईच्या घरी जाऊन बसते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघी अहवाल उघडतात. स्वमग्नता म्हणजे काय, मुलाचा हक्क कोणता, बैठकीत काय विचारायचे, हे पहिली दुसरीला तिच्याच बोलीत समजावते. मग एक वही काढली जाते आणि तिच्या पहिल्या पानावर, कचेरीतल्या कोणत्या माणसाशी कोणत्या तारखेला काय बोलणे झाले, ते मुलाची आई स्वतःच्या हाताने लिहू लागते.